हातचे पाणी

आपली ख्रिस्तावरची श्रद्धा खरी आहे काय, हा प्रश्न माणूस बहुधा प्रार्थनेच्या वेळी स्वतःला विचारतो. मला ती वेळ सोयीची वाटते, खरी नव्हे. प्रार्थनेत कोणी काही मागत नाही. आपणच मागत असतो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या पतीजवळ परत आल्या, पण सोवळे घेऊनच. खाणेपिणे वेगळे. मग एक दिवस विचार करता करता मनाने घेतले, जाती माणसांनी केल्या. आता कोणाच्याही हातचे खाईन. हे घडले बाप्तिस्म्याच्या आधी! ‘स्मृतिचित्रे’त बाईंनी ते सांगितलेही किती साधेपणाने. देवळाच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख असते. परक्या हातचे पाणी पहिल्यांदा घशाखाली उतरले, त्याची नोंद कोण ठेवणार?

उलट, पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा झालेली आणि सोयरीक जुळवताना पूर्वजांची जात हळूच विचारणारी घरे आमच्यात आहेत. त्यांची प्रार्थना खोटी, असे मी म्हणणार नाही. पण तो प्रश्न त्यांनी, मीही, तेव्हा विचारावा. मुलीच्या बापाला होकार-नकार कळवण्याआधी.