पडू द्या स्वतःला

आज एका उडीचं मनन करू. एकाच उडीचं, सावकाश. ट्रॅम्पोलिन जवळ असेल तर त्याच्या कडेला बसा. नसेल तर खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकू द्या. श्वास मुद्दाम मोठा करू नका. चालला आहे तसा चालू द्या.

आता एक वाक्य आठवा. ‘उड्या मारू नकोस, पडशील!’ गादीवर नाचताना, ओट्यावरून अंगणात झेप घेताना हे कुणी ना कुणी आपल्याला म्हटलेलं आहे. पुढे आपण तेच आपल्या मुलांना म्हणालो. आणि आता घरातल्या वडीलधाऱ्यांना म्हणतो, ‘बाबा, जपून. न्हाणीघर ओलं आहे.’ आयुष्याच्या दोन्ही टोकांना पडण्याची भीती उभी आहे. तिच्याकडे थोडा वेळ पाहा. तिला हाकलू नका, कारण ती खोटी नाही. एकदा पडल्याने खुब्याचं हाड मोडलं आणि माणूस अंथरुणाला खिळला, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलं आहे.

ही भीती बरोबर घेऊनच पुढे जाऊ. कारण ज्या साधनाचा आपण विचार करतो आहोत, ते पडण्यातूनच सुचलं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज निसेन हा व्यायामपटू मुलगा सर्कस पाहायला गेला. तो काळ १९३० च्या आसपासचा. झुल्यांचा खेळ संपला की कलाकार एकेक करून खालच्या जाळीत पडत आणि जाळी त्यांना झेलून पुन्हा वर उसळवी. जाळी होती जीव वाचवण्यासाठी. निसेनच्या मनात आलं, खेळ संपतो तिथून नवा खेळ सुरू करता येईल. आयोवा विद्यापीठात शिकत असताना त्याने लॅरी ग्रिसवल्ड यांच्या साथीने लोखंडी चौकटीवर जाड कापड ताणून १९३४ मध्ये पहिलं ट्रॅम्पोलिन उभं केलं. त्या जाळीकडे मन लावून पाहा. खाली आपल्याला झेलणारं काही आहे, हे ठाऊक असल्यामुळेच झुल्यावरचा माणूस हात सोडू शकतो.

आता मनाने त्या कापडावर चढा. अगदी मधोमध उभे राहा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, गुडघे सैल. घाई नाही. पायाखालचा पृष्ठभाग स्थिर नाही, हे तळव्यांना सगळ्यांत आधी कळतं. चवडे आणि टाचा आळीपाळीने भार घेतात, घोटे बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतात, पोटऱ्या जाग्या होतात. तुम्ही नुसते उभे आहात आणि तरी शरीर कामाला लागलं आहे. फरशीवर हे काम आपण विसरून गेलेलो असतो. इथे थोडं थांबा. तोल ही एकदा मिळवून ठेवायची वस्तू नाही. तो क्षणोक्षणी जातो आणि क्षणोक्षणी सावरला जातो.

आता गुडघ्यांतून हलकेच झुला. पावलं कापडावरून उचलू नका. कापड दबतं, पुन्हा वर येतं. हाही पूर्ण व्यायाम आहे. साठीच्या, सत्तरीच्या माणसासाठी शेजारी धरायला दांडी असली की एवढंसुद्धा पुरतं. दबताना शरीर जड होतं, वर येताना हलकं. या जडपणाकडे लक्ष द्या. तो गुडघ्यात रुततो का, की साऱ्या अंगात वाटला जातो?

हाच प्रश्न ‘नासा’च्या संशोधकांनी मोजून पाहिला. अंतराळात वजन हरवलेल्या शरीराची ताकद खालावते. ती टिकवायला आणि परत मिळवायला कोणता व्यायाम बरा, याचा त्यांना शोध होता. आठ तरुणांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावायला आणि ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला लावून घोटा, पाठ आणि कपाळ या तीन जागी शरीराला बसणारे हिसके मोजले गेले. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धावताना घोट्याला बसणारा हिसका पाठ आणि कपाळापेक्षा दुपटीहून जास्त होता. ट्रॅम्पोलिनवर तिन्ही जागी तो जवळजवळ सारखा विभागला गेला. आघात नाहीसा झाला नव्हता. तो एकट्या घोट्यावर पडला नाही, साऱ्या शरीराने वाटून घेतला.

आता पावलं सुटू द्या. फार उंच नको, वीतभर. पाय कापडापासून अलग झाले त्या क्षणापासून पुन्हा टेकेपर्यंत तुमचं शरीर मुक्तपणे पडतं आहे, वर जातानासुद्धा. तेवढा वेळ वजन जाणवत नाही. आपल्या कानाच्या आत चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. खाली कुठे आणि वर कुठे हे शरीराला त्यांच्या भारावरून कळतं. त्या क्षणभरात तो भारही उतरतो. लहान मुलं ट्रॅम्पोलिनवर खळखळून हसतात आणि पन्नाशीतली मावशी पहिल्या उडीला आपसूक हसते, त्यामागे बहुधा हे हलकं होणं असावं. उडीच्या माथ्यावर क्षणभर वेग शून्य होतो. वर जाणं संपलेलं, खाली येणं सुरू व्हायचं. तिथे जितकं राहता येईल तितकं मनाने राहा.

आणि आता पडा.

पडताना काय धरून ठेवता ते पाहा. जबडा आवळला का? खांदे कानांपर्यंत चढले का? श्वास अडला का? आपण भीती नेमकी कुठे साठवतो ते इथे उघड होतं. जबडा सोडा. खांदे सोडा. श्वास बाहेर जाऊ द्या. तुम्ही खाली येता, कापड खोल जातं, स्प्रिंगा ताणल्या जातात. उंचीवरून आणलेलं सगळं त्या स्प्रिंगांमध्ये साठतं आणि तेच तुम्हाला वर पाठवतं. मांड्यांचा जोर असतोच, पण मोठा वाटा मागच्या पडण्याचा असतो. पडण्यातूनच उंची मिळवण्याचा हा खेळ २००० साली सिडनीत ऑलिम्पिकमध्ये आला. तो दिवस पाहायला निसेन वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी हयात होते. आजचे अव्वल खेळाडू आठ मीटरच्या आसपास उंची गाठून सलग दहा कसरती करतात. ती उंची एका उडीत मिळत नाही. सरळ, निर्धास्त, मधोमध पडत पडतच ती बांधावी लागते. जो पडताना आखडतो त्याची पुढची उडी खुजी होते.

आता थांबायचं आहे. कापडाला पाय लागताच गुडघे वाकवा, हात पुढे आणा, उसळी पायांत जिरू द्या. चांगले शिक्षक उंच उडी शिकवण्याआधी हे थांबणं शिकवतात. ज्याला हवं तेव्हा थांबता येतं, त्याला पडण्याचं भय कमी वाटतं. उभे राहा. हृदयाचे ठोके ऐका.

आता त्या जुन्या भीतीकडे पुन्हा वळा. वयस्क माणसांना छोट्या ट्रॅम्पोलिनवर १४ आठवडे सराव देणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे झोक जाऊन पडत असताना स्वतःला सावरण्याची त्यांची क्षमता सरावानंतर सुधारली होती. ब्रिटनमध्ये अपंग मुलामोठ्यांसाठी ट्रॅम्पोलिनचा उपचारासारखा वापर होतो. ज्याला स्वतःहून उडी मारता येत नाही, त्याला कापडावर निजवून किंवा बसवून जाणकार व्यक्ती हलकेच झुलवते. पडण्यापासून माणसाला फक्त दूर ठेवत गेलो, तर त्याची सावरण्याची ताकदही विझत जाते. जपून, झेलणाऱ्या जागी, थोडं थोडं पडू दिलं तर ती वाढते. या मननातून मला एवढंच सांगायचं आहे.

पण ‘झेलणाऱ्या जागी’ हे शब्द सोडू नका. हा विश्वास आंधळा नको. ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सर्वांत लहान, हलक्या मुलाला सर्वाधिक धोका असतो. मोठ्याच्या उडीने ताणलेलं कापड त्याला भलत्याच वेगाने भिरकावतं. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना घरच्या अंगणातल्या ट्रॅम्पोलिनविरुद्ध वर्षानुवर्षं बजावत आली आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना तर त्यावर चढवूच नये, असा सल्ला दिला जातो. उड्यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर ताण येतो. बाळंतपणानंतर किंवा उतारवयात काही बायकांना उडी मारताना लघवीचे थेंब गळतात आणि त्या लाजेने गप्प राहतात. लाजू नका, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना सांगा. त्यावर उपाय असतात.

आता कापडावरून खाली उतरा. जमीन टणक लागेल, पाय जड वाटतील. पळभर उभे राहून मग चाला.

आणि ही उडी मनातच ठेवू नका. हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तर दांडी असलेलं छोटं ट्रॅम्पोलिन भिंतीपासून दूर, सपाट जागी मांडा. एका वेळी एकच जण. कोलांट्या नकोत, त्या प्रशिक्षकासमोरच. पहिले काही दिवस पावलं न उचलता नुसतं झुला. मुलांची पाळी झाली की आजीला हात द्या आणि तिलाही कापडावर उभं करा. या वेळी ‘पडशील’ म्हणू नका. ‘मी आहे, झुल’ म्हणा.