एका चषकासाठी एक वर्ष

आयर्लंडच्या लेन्स्टर प्रांतातील शाळांमध्ये १८८७ पासून रग्बीचा जो वरिष्ठ चषक खेळला जातो, त्याची प्रतिष्ठा एवढी मोठी आहे की, आणखी एक हंगाम मिळावा म्हणून शालान्त वर्ष पुन्हा करण्याचा मोह काही विद्यार्थ्यांना झाला आहे, आणि वडीलधाऱ्यांनीही त्यास संमती दिली आहे.

आजारपणाने वा अपुऱ्या गुणांमुळे मागे पडलेल्या मुलाने तीच इयत्ता पुन्हा करावी, यात कमीपणा नाही; तो त्याचा हक्क आहे. परंतु अभ्यास हे निमित्त आणि मैदान हा हेतू असेल, तर हजेरीपटावरील नाव खरे असूनही त्यामागील कैफियत खोटी ठरते. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू जेव्हा सर्व बळानिशी परस्परांना रेटतात, तेव्हा वाढत्या वयातील एका वर्षाचे अंतर समोरच्या कोवळ्या मानेवर येऊन पडते. शिवाय पंधरा जणांच्या संघात जी जागा अडते, ती मागच्या वर्गातून न्याय्य क्रमाने वर येणाऱ्या मुलाची असते.

वयोमर्यादा पाळली म्हणजे नीतीचे देणे फिटले, असे मानणाऱ्या शाळाचालकांनी आणि पालकांनी स्वतःला विचारावे : चषक नसता, तर या मुलासाठी हे वर्ष आम्ही मागितले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते वर्ष संस्थेच्या कीर्तीसाठी खर्ची पडत आहे. आणि विश्वासाने हाती सोपविलेल्या मुलाचे तारुण्य आपल्या गौरवाकरिता वापरण्याची सनद कोणत्याही शिक्षणसंस्थेला मिळालेली नाही.