बेथेलास परत जाणें

उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायांत देव याकोबास बेथेल येथें परत जावयास सांगतो. तरुणपणीं एसावाच्या भयानें पळून जात असतां ज्या ठिकाणीं त्यानें धोंडा उशास घेऊन रात्र काढिली व देवास नवस केला, तेंच हें ठिकाण. मध्यंतरीं २० वर्षें लाबानाच्या चाकरींत गेलीं, पुढें शखेमांत आणखी कांहीं काळ गेला. बायका, मुलें, गुरेंढोरें, सर्व झालें. परंतु जेथें देव प्रथम भेटला तेथें जाण्याचें मात्र राहून गेलें. प्रिय बंधुभगिनींनो, अशीं राहून गेलेलीं बेथेलें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं एकाविषयीं, म्हणजे नवराबायकोच्या बेथेलाविषयीं, आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

लग्न झाल्यावर जोडप्यानें एकांतासाठीं परगांवीं जाण्याची चाल आम्हांकडे साहेबलोकांकडून आली. आमच्या वाडवडिलांच्या काळीं नवें जोडपें जेजुरीस किंवा कार्ल्याच्या डोंगरावर जाई, आणि सोबत सारें घर असे, एकांत कसला! आतां ही चाल खेड्यांतही शिरली आहे, आणि ती वाईट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पेण व रोहें या बाजूच्या लोकांस माथेरान फार लांब नाहीं.

तर जिते गांवचें एक वयस्क ख्रिस्ती दांपत्य आपण डोळ्यांपुढें आणूं. चाळीस वर्षांपूर्वीं लग्न झाल्यावर दोन दिवस तीं माथेरानास राहून आलीं. आतां मुलांनीं आग्रह करून त्यांस पुन्हा तेथें धाडिलें आहे. जिते स्टेशनावर तीं गाडींत बसतात, पनवेलीस उतरतात, तेथून नेरळ गांठतात. नेरळहून वर जाणारी लहान गाडी १९०७ सालीं सुरू झाली. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टींत तिचा मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला होता, तो नीट करून २००७ सालीं गाडी पुन्हा चालूं झाली. वर गेल्यावर तीच तांबडी माती, तींच माकडें, तीच खोल दरी. गांवांत मोटारी नेण्यास मनाई असल्यामुळें शांतताही तीच. दोघें एका बांकावर बसतात. तो विचारतो, "गुडघे दुखतात काय?" ती म्हणते, "नाहीं." आणि मग बोलावयास कांहीं सुचत नाहीं.

त्यांचें भांडण झालेलें नाहीं. भांडण असतें तर एका परीनें बरें, त्यांत निदान एकमेकांचे शब्द कानांवर पडतात. चाळीस वर्षें तीं दोघें भाताचें, पावसाचें, मुलांच्या फीचें आणि कर्जाच्या हप्त्याचें बोलत आलीं. तें सर्व संपलें, मुलें मुंबईस गेलीं, आणि आतां एका छपराखालीं दोन परकीं माणसें उरलीं आहेत. हें गांवीं कधीं कळलें नाहीं, कारण गांवीं काम होतें. माथेरानच्या बांकावर काम नव्हतें, म्हणून कळलें.

आतां प्रकटीकरणाचा २ रा अध्याय पाहा. इफिस येथील मंडळीची प्रभु प्रथम स्तुति करितो. तिचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांची तिनें केलेली पारख, कांहींएक तो विसरत नाहीं. अशी मंडळी आमच्या जिल्ह्यांत असती तर आम्ही तिचा अहवाल मोठ्या आनंदानें छापिला असता! तरी प्रभूचा तिच्यावर एक ठपका आहे, तो हा कीं तिनें आपली पहिली प्रीति सोडिली. मग तिनें काय करावें? आपण कोठून पडलों याची आठवण करावी, पश्चात्ताप करावा, आणि पहिलीं कामें पुन्हा करावीं. वाचकहो, हें तिसरें वचन नीट लक्षांत घ्या. पहिलें वाटणें पुन्हा मनांत आणा, असें प्रभु म्हणत नाहीं. मनांत काय उठावें हें माणसाच्या स्वाधीन नसतें. हातांनीं काय करावें हें असतें. लग्नाच्या पहिल्या वर्षीं तो बाजारांतून येतांना तिच्यासाठीं म्हणून कांहीं तरी आणी. तो आल्यावांचून ती घांस घेत नसे, आणि तोही "तूं जेवलीस काय?" असें विचारी. झोपण्यापूर्वीं दोघें मिळून गुडघे टेकीत. यांतील एक तरी गोष्ट वयामुळें अशक्य झाली आहे काय? गुडघे दुखत असतील तर बसून प्रार्थना करावी.

परंतु मध्यें एक पायरी आहे, ती पश्चात्तापाची. राहेलीनें बापाच्या घरच्या मूर्ति चोरून उंटाच्या खोगिरांत लपविल्या होत्या, आणि याकोबास याचा पत्ता नव्हता. ज्याच्याजवळ त्या सांपडतील तो जिवंत राहूं नये, असें तो लाबानास बोलून गेला. तो कोणाविषयीं बोलत आहे हें ती एकटी जाणत होती. पुढें बेथेलास निघण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं आपापले परके देव आणून दिले व याकोबानें ते शखेमाजवळच्या झाडाखालीं पुरले. त्यांत राहेलीच्या त्या मूर्तिही असतील असें आम्हांस वाटतें. किती संसारांत असें एखादें खोगीर आहे! बायकोस न कळवितां काढिलेलें कर्ज, लपून घेतलेली दारू, मूल आजारी पडलें तेव्हां नवऱ्याच्या पाठीमागें देवऋषीकडे केलेली फेरी. खारेपाटांतील शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. बांधांत खेंकड्यानें केलेलें भोंक बोटाएवढें असतें. उधाणाच्या भरतीस तेथेंच खांड पडते, आणि खारें पाणी एकदां शेतांत शिरलें म्हणजे कांहीं वर्षें तेथें भात नीट येत नाहीं. म्हणून भोंक दिसलें त्याच दिवशीं चिखल भरावा लागतो. ज्यानें लपविलें त्यानेंच आधीं तोंड उघडावें, आणि ऐकणारानें, याकोबानें केलें तसें, घेऊन पुरून टाकावें. पुरलेलें उकरूं नये.

उपदेशकबंधूंस येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तुम्ही पांच गांवें फिरून पतीपत्नीच्या प्रेमावर उपदेश करितां आणि रात्रीं घरीं येऊन ताट वाढण्यापलीकडे बाईशीं एक शब्द बोलत नाहीं. गांवचे लोक तुमच्या उपदेशापेक्षां तुमची ओसरी अधिक पाहतात.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांपासून दूर झाल्या. चार-पांच वर्षें हा वियोग चालला. पुढें त्या पतीकडे परत आल्या, त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहींत. आपला सोंवळेंओंवळ्याचा आचार संभाळूनच एका घरांत राहिल्या, आणि टिळकांनीं तें चालूं दिलें. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं घेतला. म्हणजे या घरीं संसाराची प्रीति आधीं परत आली, मतैक्य मागाहून आलें. ज्यांची बायको किंवा नवरा अद्यापि मंडळीबाहेर आहे अशा आमच्या नवख्रिस्ती बंधुभगिनींनीं हा क्रम मनांत ठेवावा, आणि घाई करूं नये.

ज्यांचा जोडीदार आतां राहिलाच नाहीं त्यांचें काय, असें कोणी विचारील. बेथेलाहून निघाल्यावर एफ्राथाच्या वाटेवर राहेल प्रसूत होऊन मेली. याकोबानें तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला आणि पुढचा प्रवास तिच्यावांचून केला; धाकटें मूल त्याच्या हातांत होतें. टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें व पुरें केलें.