प्रदक्षिणेची वाट

लंडनला मुलीकडे राहत होतो, त्या काळात ब्रिटिश म्युझियमच्या १८ क्रमांकाच्या दालनात मी चार वेळा गेलो. पहिल्या खेपेला एका घोड्याच्या डोक्यापाशीच अडकलो. सेलेने या चंद्रदेवतेच्या रथाचा हा घोडा. रात्रभर रथ ओढून पहाटे तो समुद्रात उतरतोय. नाकपुड्या फुललेल्या, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, गालावरची शीर ताठ, आणि खालचा जबडा ओठंगून चौथऱ्याच्या कडेबाहेर आलेला. दिवसभर औताला जुंपलेला बैल संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी उभा राहून जसा श्वास टाकतो, तसा हा घोडा अडीच हजार वर्षं श्वास टाकतो आहे. त्याच्या रथाचे बाकीचे घोडे अथेन्समध्ये राहिले आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

या दालनाच्या दोन्ही लांब भिंतींवर अथेन्सच्या पार्थेनॉन देवळावरची मिरवणुकीची शिल्पपट्टी लावलेली आहे. घोडेस्वार, बळीची गुरं, तरुण, वृद्ध, कुमारिका. एका गाईने मान उंचावून हंबरडा फोडलेला. उठाव जेमतेम दोन-अडीच इंचांचा, पण तेवढ्यात तीन-तीन घोडे एकामागे एक धावतात. मी मधोमध बाकावर बसायचो आणि दोन्ही बाजूंनी मिरवणूक माझ्याकडे तोंड करून चालायची. मला वाटायचं, देवळातही ती अशीच असणार, सभामंडपाच्या भिंतींवर, आत.

माझी ती समजूत अथेन्समध्ये, फार उशिरा, दुरुस्त झाली.

पार्थेनॉनची ही पट्टी गाभाऱ्याच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, वर, खांबांच्या ओळीआड फिरत होती. लांबी १६० मीटर. मिरवणूक नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून निघते, तिचे दोन ओघ होतात, एक उत्तरेच्या बाजूने, दुसरा दक्षिणेच्या. पूर्वेच्या दारावर दोन्ही येऊन मिळतात. तिथे बारा देव बसलेले आहेत आणि अथेनादेवीचं नवं वस्त्र कुणीतरी हातात धरलं आहे. अक्रोपोलिसच्या टेकडीवर येणारा माणूस पश्चिमेच्या महाद्वारातून शिरतो. देवळाचं दार मात्र पूर्वेला. म्हणजे उत्तरेच्या बाजूने तो निघाला, तर देऊळ उजव्या हाताला ठेवून, मिरवणुकीच्याच दिशेने चालत जाणार. हे कळलं तेव्हा मी तिथेच थांबलो. आपण देवळाला जशी प्रदक्षिणा घालतो, तीच ही वाट. ग्रीकांच्या मनात प्रदक्षिणा होती असं मला म्हणायचं नाही. पण ही शिल्पं चालत्या माणसासाठी कोरली होती, हे माझ्या पायांना कळलं. लंडनला ती आतल्या बाजूला वळवलेली आहेत. अंगरखा उलटा करून टांगावा तशी.

इतिहास थोडक्यात सांगतो. इसवी सनपूर्व ४४७ ते ४३२ या काळात, शिल्पकार फिडियसच्या देखरेखीखाली हे काम झालं. पुढे देवळाचं चर्च झालं, मग मशीद. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारू साठवली होती, त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. १८०१ पासून, ऑटोमन दरबारातला ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी शिल्पं उतरवायला सुरुवात केली. परवान्याचा मूळ कागद आज कुणाकडे नाही. इटालियन भाषांतर आहे, त्यात दगडाचे काही तुकडे नेण्याची मुभा आहे. ‘काही’ या एका शब्दावर दोनशे वर्षं वाद चालला आहे. मला त्या शब्दापेक्षा करवत जास्त बोचते. शिल्पपट्टीचे दगड जाडजूड होते, भिंतीचाच भाग होते. जहाजावर वजन नको म्हणून त्यांच्या पाठी कापून टाकल्या. १८१६ मध्ये पार्लमेंटने सगळा संग्रह ३५,००० पौंडांना विकत घेतला.

लंडनला राहिल्यामुळे शिल्पं वाचली, हे म्हणणं मी पूर्वी मान देऊन ऐकायचो, आजही थोडं मान्य आहे. अथेन्सच्या धुराने देवळावर राहिलेल्या शिल्पांची कातडी खाल्ली. पण १९३०च्या दशकात लंडनमध्येही, संगमरवर पांढरा दिसावा म्हणून, तांब्याच्या हत्यारांनी ती खरवडली गेली. जपणूक हा दोघांपैकी कुणाचाच बिनतोड पुरावा नाही. आणि एक गोष्ट लंडनने मला दिली, ती नाकारणार नाही: त्रिकोणी शिखरावरच्या मूर्तींच्या पाठी. देवळावर त्या भिंतीकडे होत्या, कुणालाच दिसणार नव्हत्या. तरी कारागिराने वस्त्राची चुणी न् चुणी कोरली आहे. मूर्ती खाली उतरल्या नसत्या तर हे मला दिसलं नसतं.

आता शिल्पं ग्रीसला उसनी देण्याची भाषा ऐकू येते. पण उसनं घ्यायचं म्हणजे मालक दुसरा आहे हे लिहून द्यायचं, आणि ग्रीस ते लिहून द्यायला तयार नाही. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा मला हाच कागद आठवला. आपण सही केली. ती वाघनखं कुणाची हे ते म्युझियमही ठामपणे सांगत नाही, म्हणून दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत. तरी आपल्या वस्तूचे आपण पाहुणे होणं काय असतं, ते मला त्या बातमीने समजावलं. पार्थेनॉनच्या बाबतीत तर प्रश्न वस्तूचा नाहीच, अवयवाचा आहे. शिखरावरच्या पोसायडनच्या मूर्तीचे खांदे लंडनला आहेत, छातीचा पुढचा भाग अथेन्सला.

अथेन्सचं नवं संग्रहालय २००९ मध्ये उघडलं. सर्वांत वरचा मजला काचेचा, आणि टेकडीवरच्या देवळाशी समांतर राहावा म्हणून खालच्या मजल्यांपासून वळवलेला. मध्ये गाभाऱ्याच्या मापाची भिंत, तिच्यावर बाहेर तोंड केलेली शिल्पपट्टी. देवळावर परत काहीच चढणार नाही, हे ग्रीकांनाही ठाऊक आहे. राहिलेली शिल्पंही त्यांनी स्वतःच उतरवून आणली. जे लंडनला आहे त्याच्या जागी प्लास्टरचे ठसे आहेत. मूळ दगड मधाच्या रंगाचा, प्लास्टर खडूसारखं पांढरं. दुरूनही कळतं कुठे काय नाही.

मी पश्चिमेकडून निघालो, उत्तरेच्या बाजूने, भिंत उजव्या हाताला ठेवून. काचेपलीकडे देऊळ उन्हात दिसत होतं. मध, खडू, खडू, मध. पाण्याचे घडे खांद्यावर घेतलेले तरुण मधाच्या रंगात. पूर्वेला वळल्यावर बसलेले देव लागले. आधी पांढरं प्लास्टर, त्याला लागून आर्टेमिस, अपोलो, पोसायडन, खरे. अपोलो मान मागे वळवून पोसायडनकडे पाहतो. मग शिळेचा सांधा, आणि त्याच्या पलीकडे हेफायस्टस, अथेना, वस्त्र, हेरा, झ्यूस, सगळे पांढरे. अपोलो मान मागे वळवून पोसायडनकडे पाहतो.

बंद व्हायला अर्धा तास होता. मी पुन्हा पश्चिमेला गेलो आणि दुसरा फेरा सुरू केला.