डाग

आमच्या लहानपणी घरातला दागिना तुटला, की आई तो सोनाराकडे 'डाग द्यायला' पाठवी. त्या वयात मला हा शब्द फार चमत्कारिक वाटे. कपड्याला पडतो तोही डाग, चारित्र्याला लागतो तोही डाग, आणि तुटलेले सांधतो तोही डागच! एकाच शब्दाने मळणेही सांगायचे आणि जुळणेही, हा भाषेचा कंजूषपणा म्हणावा की शहाणपणा, हे कोडे सत्तरी उलटली तरी मला सुटले नव्हते. परवा ते सुटल्यासारखे वाटले. आणि तेही सोनाराच्या दुकानात नव्हे, तर सदरच्या एका बोळात, विजेच्या गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या टेबलापाशी.

सत्तरी उलटलेल्या माणसाचे विजेच्या गिटारीशी काय काम, असे आपण विचाराल. काम माझे नव्हते, नातीचे होते. उन्हाळ्याच्या सुटीत ती पुण्याहून आली, आणि दुपारी मोठी माणसे कूलरपुढे घोरत असताना मुले जे करतात तेच तिने केले. माळ्यावर चढली. खाली आली ती खांद्यावर एक काळी, धुळीने माखलेली पेटी घेऊन. "आजोबा, बाबा गिटार वाजवायचे? मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "वाजवायचा थोडीफार. मग सोडून दिलं." या तीन शब्दांत मी किती गोष्टी गुंडाळून ठेवल्या होत्या, ते तिला कुठून कळणार?

सदर हा आमच्या नागपूरचा जरा निराळ्या वळणाचा भाग. महालात अजून भोसल्यांचा काळ रेंगाळतो, सदरला साहेबाचा. 1853 साली तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आणि त्याच्या आधीपासून दरबारावर डोळा ठेवून बसलेल्या रेसिडेंटाची आठवण 'रेसिडेन्सी रोड' या नावात उरली. इथे कॅथीड्रल आहे, जुनी ख्रिस्ती घरे आहेत, आणि त्या घरांतून पेटीइतक्याच सहजपणे गिटारही वाजत आलेली आहे. माझ्या मुलाने ती गिटार जुनी म्हणून विकत घेतली तीही सदरमध्येच. तेव्हा दुरुस्तीला तिला माहेरी नेणेच योग्य, असे म्हणून मी नातीला घेऊन निघालो.

दुरुस्ती करणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. टेबलावर एक बारीक दिवा, एक झारा, म्हणजे टाका मारायची तापती सळई हो, आणि कथलाच्या तारेचे रीळ. त्यांनी प्रथम गिटार उघडलीच नाही. आधी स्वतःची वायर लावून पाहिली. "भाऊ, आधी वायर बदलून पाहायची. सगळ्यात स्वस्त गोष्टीवर सगळ्यात आधी संशय घ्यायचा." मग आवाजाची खुंटी फिरवली. खर्रर्र! मग वायरचे टोक हलवले. आवाज गेला, आला, पुन्हा गेला. मग बोटांनी तारा धरल्या. मागचा 'गूं' असा गुणगुणाट तारा धरताच कमी व्हायला हवा. इथे तो हटेचना. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "खुंटीत धूळ आहे, ती काही मोठी गोष्ट नाही. खरा रोग निराळा. अर्थ तुटलाय."

'अर्थ' म्हणजे जमिनीशी जोडणारी तार, हे मला ठाऊक होते. ठाऊक असायलाच हवे. मी तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. फॅरडेने 1831 साली दाखवून दिलेला नियम मी किती पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवला असेन. चुंबकीय क्षेत्र बदलले, की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1931 साली, अमेरिकेत बोशँप नावाच्या वादकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच नियम गिटारीला लावला. पोलादी तारेखाली चुंबक, त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत विजेची तशीच थरथर उठते. तीच पुढे मोठी होऊन कर्ण्यातून बाहेर पडते. 1971 साली 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये भूपिंदरसिंगांच्या बोटांनी जी गिटार घरोघर पोचवली, ती याच थरथरीची.

हे सारे मला येत होते. येत नव्हते ते एवढेच, की टाका कसा मारावा.

मास्तरांनी (मी त्यांना मास्तरच म्हणू लागलो होतो) मागचे झाकण काढले. आवाजाच्या खुंटीखाली कोळशाच्या लेपाची नालेच्या आकाराची एक पट्टी असते आणि तिच्यावरून एक धातूची जीभ घासत फिरते. जीभ जिथे टेकेल त्यावर आवाज किती जाईल ते ठरते. मध्ये धूळ आली किंवा धातू गंजला, की जीभ अडखळते, आणि ते अडखळणे म्हणजेच खरखर. "वापरली असती तर एवढी बिघडली नसती," मास्तर म्हणाले. "फिरवत राहिलं की जागा घासून साफ राहते. न वापरलेली खुंटी लवकर खराब होते." त्यांनी सफाईच्या औषधाचा एक फवारा आत मारला, आणि खुंटी नातीच्या हाती देऊन म्हणाले, "बेटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा फिरव." ती मोजू लागली. विसाच्या आत खरखर थांबली होती; पण तिने तीस पुरे केले.

मग मास्तरांनी भिंग घेतले आणि वायर घालायच्या भोकामागच्या जोडावर धरले. "हे पाहा. हा टाका थंडा आहे. चांगला टाका चकचकीत असतो, उतरत्या टेकडीसारखा पसरतो. हा करडा आहे, गोळीसारखा बसलाय. ज्यानं मारला त्यानं कथील तापवलं, पत्रा तापवलाच नाही. कथील बिचारं शे-दीडशेवर काही करत नाही, पण पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या मध्ये केव्हाच पाणी होतं. म्हणून माणसाला वाटतं, झालं! पण थंड पत्र्याला ते चिकटत नाही, नुसतं वर बसून राहतं. त्या दिवशी वाजते, दुसऱ्या दिवशी दगा देते. कुणी मारला हा?"

मी म्हणालो, "कुणा मिस्त्रीनं मारला असेल. जुनी गोष्ट आहे."

नात शेजारी उभी होती. वाचकहो, तो टाका माझा होता.

2001 साली मुलाच्या कॉलेजचे गॅदरिंग होते. आदल्या रात्री गिटारीचे ते भोक सैल होऊन गोल फिरले आणि आतली तार निसटली. मुलगा म्हणाला, सदरला नेतो. मी म्हणालो, पदार्थविज्ञानाचा मास्तर घरात असताना? सीताबर्डीवरून झारा आणला, कथील वितळवले, आणि गिटार वाजली. घरात माझे कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी भर कार्यक्रमात पहिल्याच कडव्यानंतर एक भला मोठा गुणगुणाट उठला आणि गिटार मुकी झाली. पोरांनी शिट्या मारल्या. मुलगा मंचावर वाद्य हलवत, खुंट्या पिळत उभा राहिला, आणि मग खाली उतरला. घरी आल्यावर मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवते. "वाद्य सांभाळायला शिस्त लागते. तुझ्यात ती नाही." तो काही बोलला नाही. पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

मला त्या वेळी खरे कारण ठाऊक होते का? हा प्रश्न मी स्वतःला अनेक रात्री विचारला आहे. ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. मी तो जोड पुन्हा उघडून पाहिला नव्हता. पण उघडून का पाहिला नाही? तिथे काय सापडेल याची शंका होती म्हणूनच ना? जे ठाऊक करून घ्यायचे आपण टाळतो, ते ठाऊक नव्हते असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

मास्तरांनी जुना गोळा काढला, तार सोलली, पत्रा खरवडून तापवला, आणि मगच कथील टेकवले. ते आपसूक पसरले. 300 रुपये झाले. गिटारीबरोबर त्यांनी एक कागदी पुडी दिली. तीत काढलेला तो करडा गोळा आणि एक चिठ्ठी: 'आवाजाची खुंटी साफ केली. अर्थचा टाका थंडा होता, नवीन मारला.' मी म्हणालो, "हे कशाला? वाजतेय ना, बास." ते म्हणाले, "पुढं कधी बिघडली तर उघडणाऱ्याला कळलं पाहिजे, आधी काय झालं होतं ते. नाहीतर तो भलत्याच ठिकाणी शोधत बसतो."

ती पुडी रात्रभर माझ्या उशाशी होती. मनात दोन वकील उभे राहिले. एक म्हणाला, "झाले ते झाले. गिटार दुरुस्त झाली. हाच तुझा प्रायश्चित्ताचा खर्च. आता दोन तपांनंतर मुलाला फोन करून हे सांगणे म्हणजे आपल्या डोक्यावरचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे. पुष्कळशी कबुली ही ऐकणाऱ्यासाठी नसतेच. ती सांगणाऱ्याला झोप लागावी म्हणून असते." हा वकील मूर्ख नव्हता. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. कित्येक माणसे आपले अपराध दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतात आणि स्वतः हलकी होऊन घरी येतात, हे मी पाहिले आहे.

पण दुसरा वकील मास्तरांच्याच शब्दांत बोलत होता. दोष जिथे ऐकू येतो तिथे तो नसतो. खरखर कर्ण्यातून येते, म्हणून कर्णा बदलून भागत नाही. त्या रात्री मुका झालेला आवाज माझ्या मुलाच्या हातातून आल्यासारखा सर्वांना वाटला. आणि बापाने शिक्का मारल्यावर त्यालाही तसेच वाटले असणार. गेली चोवीस वर्षे तो बिघाड भलत्याच ठिकाणी मानत असेल: स्वतःत. मी गिटारीतला टाका बदलला. पण दोषाची तार मी ज्या ठिकाणी चिकटवली होती, तिथेच ती अजून होती. तेव्हा दुरुस्ती झाली असे म्हणणे म्हणजे पुन्हा एकदा थंड पत्र्यावर कथील टेकवणेच. वरून जोडल्यासारखे दिसते, आत धरलेले काही नसते.

मला वाटते, कबुली कुणासाठी द्यायची याची कसोटी इथेच आहे. जो दोष आपण आपल्यापाशीच ठेवला, तो गिळून टाकायला हरकत नाही. पण जो आपण दुसऱ्याच्या नावावर चढवला, त्याचा सातबारा आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय हिशेब मिटत नाही. मग झोप लागो वा न लागो.

सकाळी प्रथम नातीला सांगितले, कारण तिच्यासमोर बोललेले खोटे ताजे होते. ती म्हणाली, "म्हणजे मिस्त्री तुम्हीच?" आणि हसली. मुलाला सांगणे इतके सोपे गेले नाही. फोनवर मी सगळे सांगितले; चिठ्ठीही वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मला वाटलं होतं, मी वायरवर पाय दिला असेन." पुन्हा थांबला. "तार कोणती तुटली आहे? पहिलीच ना? येताना सेट घेऊन येतो."

एवढेच. क्षमा वगैरे शब्द आमच्या घरात वापरायची पद्धत नाही.

त्याने पुन्हा वाजवायला सुरुवात केली, असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. पण तसे काही झालेले नाही. बोटे चोवीस वर्षांत विसरली आहेत, आणि तेही माझ्याच खाती जमा आहे. नात मात्र रोज वाजवते, आणि वाजवण्याआधी खुंटी तीस वेळा फिरवते. त्याची आता गरज नाही, हे मी तिला सांगितलेले नाही.

पेटीच्या कप्प्यात ती पुडी आणि चिठ्ठी तशीच आहे. चिठ्ठीत 'टाका थंडा होता' यापुढे मी माझ्या हाताने एक ओळ वाढवली आहे: 'तो मी मारला होता.' खाली सही. पुढे कुणी उघडली, तर शोधत बसायला नको. आणि आईच्या त्या शब्दाचा उलगडाही मला झाला आहे. जो डाग कबूल करवत नाही, तो नुसता डाग राहतो. कबूल केला, की तोच सांधण्याच्या कामी येतो.