आधी विचारावं



शेजारच्या गॅलरीत एक कुत्रा बांधलेला असतो. साखळी जेमतेम हातभर. पाण्याचं भांडं कोरडं, त्याच्या कडेला पांढरे क्षार धरलेले. सकाळी तो भुंकतो, दुपारपर्यंत नुसताच कण्हत राहतो. आपण ऐकतो आणि खिडकी लावून घेतो. उगाच शेजाऱ्याशी वाकडं कशाला?

अशा वेळी आधी विचारावं. बेल वाजवावी. "काका, सगळं ठीक आहे ना? कुत्रा फार कण्हतोय." कदाचित घरात आजारपण असेल. त्याला फिरवून आणायला माणूसच नसेल. "संध्याकाळी मी नेऊ का त्याला?" एवढ्या एका वाक्यानं दोन जीवांची सोय होते. म्हणून आधी विचारावं.

पण विचारूनही काहीच बदललं नाही, तर? मग गप्प बसू नये. आखूड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. प्राणिमात्रांवर दया करणं हे राज्यघटनेनं सांगितलेलं आपलं कर्तव्य आहे. पोलिसांना किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवणं ही चहाडी नव्हे. मात्र पाहिलं तेवढंच सांगावं, पदरचं काही घालू नये.

मंडळी, शेजारधर्म भिंतीपलीकडच्या मुक्या जिवालाही लागू आहे. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याची तक्रार आपण करायची असते. आधी विचारावं, प्रेमानं विचारावं. आणि गरज पडली, तर न भिता कळवावं.