वचनाचा आधार आणि चिंतेची वही

चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द 'चिंत्' या एकाच धातूपासून निघाले आहेत. मन एका विषयाकडे पुनःपुन्हा परतते, हे दोहोंचे समान लक्षण होय. भेद आहे तो फलाचा. चिंतनाने विषय उलगडतो, चिंतेने तो अधिकच गुंततो. चिंता विकोपाला गेली म्हणजे झोप उडते, छाती धडधडते, अन्नावरची वासना जाते, आणि न घडलेल्या गोष्टी घडल्याप्रमाणे डोळ्यांपुढे उभ्या राहतात. अशा पीडिताने धीर देणारी वचने जवळ बाळगावीत व आपल्या मनाची नोंद वहीत करावी, असे आज मानसोपचार करणारे पुष्कळ जण सांगतात. तेव्हा सूत्रपाठातील वचनांचा असा उपयोग आपण करावा काय, आणि वही लिहिणे साधनाला पोषक की बाधक, या प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

येथे पूर्वपक्ष दोन प्रकारचा संभवतो. पहिला असा की, ब्रह्मविद्येचे वचन जीवाच्या उद्धरणासाठी आहे. धडधड थांबविण्यासाठी त्याची योजना करणे म्हणजे रत्न देऊन भाजी घेणे होय. दुसरा असा की, रोज आपल्याच मनाचे वर्णन लिहीत बसणारा 'मी'लाच खतपाणी घालतो. त्यापेक्षा तोच वेळ स्मरणात का घालवू नये?

पहिल्या पक्षात तथ्य आहे. वचन हे औषधाची गोळी नव्हे, आणि मन शांत होताच बाजूला ठेवण्याची वस्तूही नव्हे. परंतु ज्याचे चित्त क्षणभर ठरत नाही, त्याला विचाराचा अधिकार तरी कसा यावा? दम लागलेल्या वाटसरूने घटकाभर टेकावे, यात प्रवासाचा अपमान नाही. टेकल्या जागीच घर बांधले तर मात्र प्रवास संपला. वचनाच्या आधाराने चित्त स्थिरावले, तर त्या स्थैर्याचा विनियोग पुढे आचारात व विचारात व्हावा, एवढी अट पाळली म्हणजे हा उपयोग दोषास्पद ठरत नाही.

मात्र वचन कसे घ्यावे, यालाही विधी आहे. आपल्या परंपरेत सूत्राचा अर्थ त्याच्या प्रकरणासह पाहतात. ते कोणाला, कोणत्या प्रसंगी, कशासाठी निरूपिले, हे जाणल्यावाचून केलेला अर्थ भलतीकडे नेतो. दिनदर्शिकेवर छापलेल्या सुविचारांचे असेच होते. 'मी समर्थ आहे, मला भय नाही' असे घोकल्याने सर्वांनाच धीर येतो, असे नाही. जोआन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःविषयी ज्यांचे मत मुळातच हीन होते, त्यांना अशी स्तुतिपर वाक्ये घोकून उलट अधिक वाईट वाटले. कारण उघड आहे. जे आपल्याला खरे वाटत नाही ते उच्चारताच मन त्याचा प्रतिवाद करू लागते. म्हणून चिंताग्रस्ताने निवडलेले वचन आत्मस्तुतीचे नसावे. जे खरे आहे आणि आज एवढेसे तरी आचरता येईल, असे ते असावे.

आता दुसरा पक्ष. लेखन आणि स्मरण यांचा विरोध आपल्या पंथाच्या इतिहासात कोठे दिसतो? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी त्यांच्याकडून व इतर भक्तजनांकडून त्या विचारून घेतल्या, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. वियोगाचे दुःख होतेच. पण ते नुसते सोसले गेले नाही, स्मरणातून ते लेखनात उतरले. पुढे मूळ पोथी धाडीत गमावली, तेव्हा स्मरणानेच लेखनाला पुन्हा उभे केले. आणि ज्याच्या सांगण्यात भेद आढळला, त्याचा पाठ त्याची 'वासना' म्हणून स्वतंत्र नोंदला गेला. जे पाहिले ते वेगळे, जे ऐकले ते वेगळे, ज्याविषयी मतभेद आहे ते वेगळे, ही सावधता चिंतेच्या वहीत अत्यंत उपकारक आहे. कारण चिंता नेमका हाच भेद पुसून टाकते. मुलाचे पत्र आले नाही, हे घडलेले. त्याच्यावर संकट आले, ही मनाची 'वासना'. दोन्ही एकाच ओळीत लिहू नयेत.

वहीच्या पानाची रचना दृष्टांतपाठावरून घेता येईल. केशिराजबासांच्या त्या ग्रंथात आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक असा क्रम आहे. त्याप्रमाणे पानाच्या आरंभी एक वचन, प्रकरणासह. मध्ये आज घडलेला प्रसंग, जसा घडला तसा. शेवटी ते वचन त्या प्रसंगाला कसे लागू होते, आणि उद्या कोणते एक लहान कृत्य करावयाचे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. चिंता भविष्याचा असाच एक अवयव चाचपते व त्यालाच अवघे भविष्य समजते. लिहिताना इतर अवयवही हाती येऊ लागतात.

यालाही मर्यादा हवी. जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, मनावर आघात केलेल्या प्रसंगांविषयी लिहिले. ज्यांनी प्रसंग व भावना दोन्ही लिहिल्या त्यांना तत्काळ अधिक खिन्न वाटले. पुढील महिन्यांत मात्र त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. म्हणजे आरंभीचा त्रास हे अपयशाचे चिन्ह नव्हे. तथापि तीच व्यथा दिवसभर लिहीत राहणे हे चिंतन नव्हे, ती कागदावरची चिंताच. थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत येथे ध्यानात घ्यावी: चिंतेसाठी रोज एकच ठराविक अर्धा तास राखावा, आणि इतर वेळी ती आली तर तिला त्या वेळेवर ढकलावे. नित्यविधीला वेळ नेमणाऱ्या आपल्या लोकांना यात अपरिचित असे काही नाही. वही मिटली की स्मरणाला बसावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. चिंताग्रस्त वासनिकाला किंवा तपस्विनीला 'तुमचे स्मरण कमी पडते' असे म्हणणे हा उपदेश नव्हे, अन्याय आहे. ज्वर आलेल्याला आपण असे म्हणत नाही. पीडिताला वचन द्यावे ते त्याच्या शेजारी बसून. दुरून फेकलेले वचन दगडासारखे लागते. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, नित्यकर्मे सुटली असतील, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वहीवर विसंबून न राहता वैद्यकीय उपचार घ्यावेत. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. औषध घेतल्याने आचाराला बाध येतो, असे समजण्याचे कारण नाही.

तात्पर्य, वचन हे चिंतेवरचे झाकण नव्हे, तिच्याकडे पाहण्यासाठी उजळलेला दिवा आहे. आणि वही ही तो दिवा ठेवण्याची जागा. चिंता एका दिवसात जाणार नाही. परंतु जे मन काल एका भयाभोवती फिरत होते, ते आज त्या भयाकडे घटकाभर स्वस्थपणे पाहू शकले, तर चिंतेच्या जागी चिंतनाचा आरंभ झाला असे समजावे.